फोन सिस्टीमची एजन्सी घ्यायच्या आधी कंपनीला कसं तपासावं?

जालनेकर_नेटवर्क

नमस्कार मंडळी.

जालन्यात आमचं सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे मोंढ्यातले आडते, एमआयडीसीतल्या सळईच्या मिल, बियाण्यांच्या दोन कंपन्या आणि काही दवाखाने. बहुतेकांकडे जुनी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनीला जोडणारी मशीन आहेत. कार्ड गेलं की पार्ट मिळत नाहीत, आणि मालक विचारतो, "नवीन काय आलंय ते लावून टाका ना."

एका क्लाउड पीबीएक्स कंपनीचा प्रतिनिधी सध्या मागे लागलाय. (यात मशीनचं काम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर होतं.) महिन्याच्या बिलावर २० टक्के कमिशन, रिन्यूअलवरही तेवढंच. सुरुवातीला डिपॉझिट आणि वर्षाचं टार्गेट. डेमो झकास झाला, आवाज स्वच्छ होता. पण गिऱ्हाईक मला ओळखतं, त्या कंपनीला नाही. फोन बंद पडला तर माणूस माझ्या दुकानात येऊन उभा राहणार. म्हणून सही करायच्या आधी काय काय बघावं, ते अनुभवी लोकांनी सांगावं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, व्यवहार अजून व्हायचाय.

नांदेडकर

पहिलं हे विचारा: सॉफ्टवेअर त्यांचं स्वतःचं आहे का दुसऱ्याचं घेऊन वर आपलं नाव लावलंय? आणि फोन नंबर कोणत्या टेलिकॉम कंपनीकडून येतात? प्रतिनिधीला ही दोन उत्तरं देता येईनात, तर त्याच्या वरच्या माणसाशी बोला.

वाळूजकर

जालनेकर भाऊ, कमिशनचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

मी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात पहिल्यापासून ईपीएबीएक्सचंच काम करत आलोय. या धंद्यात भली मोठी नावं आडवी झालेली बघितली. नॉर्टेलने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तिचा ऑफिस फोनचा धंदा अवायाने घेतला. मग अवाया स्वतःच २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये अमेरिकेत त्याच दारात गेली. तोशिबाने २०१७ मध्ये अमेरिकेतला फोन सिस्टीमचा धंदा गुंडाळला. पॅनासॉनिकने २०२२ मध्ये पीबीएक्समधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मायटेल २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. जगभर माल विकणाऱ्या कंपन्या होत्या या.

आता फरक बघा. मशीन भिंतीवर असलं की कंपनी गेली तरी मशीन चालतं. बनवणारा कधीच बाजारातून गेलाय आणि मशीन अजून रोज घंटी वाजवतंय, अशी ठिकाणं माझ्याकडे आहेत. क्लाउडमध्ये तसं नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला की त्याच दिवशी तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन एकदम मुके. म्हणून क्लाउडवाल्याची तब्येत मशीन बनवणाऱ्यापेक्षा जास्त बारकाईने तपासायची.

कशी तपासायची? प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून बघता येतो. तुमच्या सीएला दाखवा. तोटा असला म्हणून घाबरू नका, पण दरवर्षी तोटा वाढतोय आणि पैसा फक्त नवीन गुंतवणूकदारांकडून येतोय असं दिसलं तर सावध व्हा. दुसरं, त्यांच्या चालू डीलरांची नावं ते आनंदाने देतील. तुम्ही सोडून गेलेल्या डीलरांची नावं मागा. ती मिळाली नाहीत तर बाजारात विचारून काढा, मराठवाड्यात या लाइनीतली माणसं एकमेकांना ओळखतात. सोडून गेलेल्या माणसाला एवढंच विचारायचं: तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकांचं काय झालं?

लातूरची_मी

मी या धंद्यात नाही, पण गिऱ्हाइकाची बाजू सांगते. लातूरला एका क्लासेसच्या ऑफिसचं काम बघते. आमच्याकडे मे-जूनमध्ये, नीटचा निकाल आणि प्रवेशाच्या काळात, बाहेरगावच्या पालकांचे फोन सकाळपासून सुरू होतात. अहमदपूर, उदगीर, थेट नांदेड-हिंगोलीकडून.

आम्ही एका कंपनीकडून क्लाउडचा नंबर घेतला होता. तो बॅनरवर, पत्रकांवर, बसस्टँडच्या फलकावर, सगळीकडे छापला. पुढे त्या कंपनीने दर वाढवले, म्हणून आम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं. तेव्हा कळलं की नंबर आमच्या नावावर नव्हताच. कंपनीने टेलिकॉमकडून गठ्ठ्याने घेतलेल्या नंबरांपैकी तो एक होता. सोडलं तर नंबर गेला. ज्या दुकानदाराने ते लावून दिलं होतं तो बिचारा रोज येऊन माफी मागायचा, त्याच्याही हातात काही नव्हतं. शेवटी वाढलेले पैसे भरून ऐन प्रवेशाच्या काळात तिथेच राहावं लागलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पण जालनेकर दादा, तुमच्याकडे बियाण्यांच्या कंपन्या आहेत म्हणता. त्यांच्या पिशवीवर ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो ना?

जालनेकर_नेटवर्क

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पिशवीवर असतो, आणि खरिपाची छपाई हंगामाच्या कितीतरी आधी होते. पिशव्या गावोगावच्या कृषी केंद्रांत जाऊन पडलेल्या असतात. उगवण झाली नाही की शेतकरी तोच नंबर लावतो. तो बंद लागला तर कंपनीचं नाव जाईल. हे मी उद्याच विचारतो.

परभणी_ते_पुणे

मूळची परभणीची, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन) सपोर्टचं काम करते. लातूरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगते: आपल्याकडे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनच्या नंबरला नाही. म्हणजे एका टेलिकॉमचा एसआयपी ट्रंकचा (डेटा केबलवरून येणाऱ्या फोन लाइनीचा) नंबर दुसऱ्याकडे नेता येत नाही. त्यामुळे सगळ्यात सुरक्षित रचना अशी की ट्रंक गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या केवायसीवर, थेट परवानाधारक टेलिकॉमकडून घ्यायची आणि पीबीएक्स वेगळा ठेवायचा. उद्या पीबीएक्सवाला बदलला तरी नंबर तिथेच राहतो. तुमच्या कंपनीला विचारा, "गिऱ्हाइकाची स्वतःची ट्रंक तुमच्या सिस्टीमला जोडू देता का?" नाही म्हणाले तर त्यांचा धंदा गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्यावर चाललाय, असं मी तरी समजते.

आता तपासणी. डेमो त्यांच्या ऑफिसच्या लाइनवर झाला असणार, त्यावरून काही कळत नाही. महिनाभर ट्रायल मागा आणि ती तुमच्याच दुकानात लावा. त्यातही तुमच्या चांगल्या लाइनवर नको. गिऱ्हाइकाकडे असतो तसला साधा राउटर आणि साधं ब्रॉडबँड घ्या. मग हे बघा.

फोन लावला की लगेच इनकमिंग येतं. मग त्याला हात न लावता तासभर सोडा आणि बाहेरून कॉल करा. बऱ्याच वेळा घंटीच वाजत नाही, पण आउटगोइंग मात्र व्यवस्थित जातं. कारण असं: फोन सर्व्हरकडे नोंदणी करतो तेव्हा राउटर बाहेरून आत यायला एक फट उघडी ठेवतो. काही वेळ त्या वाटेने काही गेलं-आलं नाही की राउटर ती बंद करतो. फोनच्या पडद्यावर नोंदणी झालेली दिसत राहते, पण कॉल दारापर्यंत येऊन परत जातो. उपाय सोपा आहे. फोनने दर ३० सेकंदांच्या आसपास एक छोटा निरोप पाठवत राहायचा, किंवा डेटा पाठवायची यूडीपी ही पद्धत सोडून टीसीपी वापरायची. पण बघायचं हे की कंपनीच्या सपोर्टला हे स्वतःहून सुचतं, की ते "तुमचं इंटरनेट खराब आहे" म्हणून तिकीट बंद करतात. या एका तक्रारीवरून त्यांचा सपोर्ट किती पाण्यात आहे ते कळतं.

दुसरं नेहमीचं दुखणं एकतर्फी आवाजाचं. आपल्याला ऐकू येतं, समोरच्याला येत नाही. पुष्कळदा राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या निरोपांत ढवळाढवळ करणारं सेटिंग) बंद केलं की सुटतं.

स्पीडची फार चिंता करू नका. जी.७११ या कोडेकवर (आवाजाचा डेटा करायच्या पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे १० कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. त्रास होतो तो पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, गळण्याचा आणि मागेपुढे पोचण्याचा. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून सर्व्हर कुठे आहे ते विचारा. मुंबईत असेल तर उत्तम. जालन्यातून अंबडला केलेला कॉल सिंगापूरला जाऊन येत असेल तर ते ऐकताना जाणवतं.

नांदेडकर

ताई, सॉफ्टवेअर कुणाचं आहे ते बाहेरून ओळखता येतं का?

परभणी_ते_पुणे

काही वेळा येतं. एसआयपीच्या (कॉल जोडायच्या पद्धतीच्या) निरोपात सर्व्हर आपली ओळख पाठवतो, पॅकेट पकडून बघितलं की दिसते. अर्थात ती बदलताही येते. पुष्कळांच्या पोटात ॲस्टरिस्क असतं, मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात वावगं काही नाही, जगभर चालतं. खरं विचारायचं ते हे की सुरक्षेचे अपडेट कोण टाकतं आणि किती दिवसांत. २०२३ मध्ये ३सीएक्स या फोन सिस्टीमच्या कंपनीच्या डेस्कटॉप ॲपमध्ये हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि तो कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच लोकांच्या संगणकावर पोचला. असं तुमच्या कंपनीत घडलं तर डीलरला कधी आणि कसं कळवणार, हे लेखी मागा.

आणि आयएसडी. कमकुवत पासवर्डचं एक्स्टेंशन (ऑफिसातला एक फोन) सापडलं की चोर रात्रीतून परदेशात महागडे कॉल करतात आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी बसतं. आयएसडी मुळात बंद हवं आणि खर्चाला मर्यादा घालता यायला हवी. दोन्ही डॅशबोर्डवर स्वतः करून बघा.

धाराशिवकर

सगळं खरं हाय, पण एवढं बघत बसलं तर दुसरा कुणीतरी एजन्सी घेऊन मोकळा होतंय. आमच्याकडं साखर कारखान्यावाले हंगामाच्या तोंडावर घाई करायलेत, त्यांना आजच्या आज पाहिजे असतंय.

वाळूजकर

धाराशिवकर, घाई गिऱ्हाइकाची असते, तुमची नसावी. गळीत हंगाम सुरू झाल्यावर शेतकी विभागाचा फोन बंद पडला तर ऊसतोडीच्या टोळ्या आणि गाड्या यांचा ताळमेळ जातो. तेव्हा कोण धावणार? लावणाराच. महिनाभराच्या ट्रायलने धंदा जात नाही.

आपल्या भागाचं म्हणून अजून थोडं. पुण्या-मुंबईच्या कंपनीला हे लक्षात येत नाही.

वीज. जुनं ईपीएबीएक्स बॅटरीवर तासन्‌तास चालायचं. आयपी फोनला पीओई स्विच (केबलमधूनच फोनला वीज देणारा), राउटर, ओएनटी (फायबरचा डबा), सगळ्यांना वीज लागते. यातलं एक जरी यूपीएसवर नसलं तरी फोन मेला. कोटेशनमध्ये यूपीएस धराच. गिऱ्हाईक महाग म्हणालं तरी काढू नका.

वळीव. मे-जूनमध्ये वीज कडाडली की तांब्याच्या लाइनीतून झटका येतो आणि कार्डं जळतात. एमडीएफ (सगळ्या लाइनी जिथे जोडतात तो डबा) उघडा आणि आतल्या क्रोन मॉड्यूलवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, सर्ज प्रोटेक्शन (झटका अडवणारा भाग) बसवलंय का ते बघा. बऱ्याच ठिकाणी त्या खाचा रिकाम्या असतात आणि अर्थिंगची तार नुसती डब्यामागे गुंडाळलेली असते. क्लाउडवर गेलं तरी दवाखान्यात किंवा गोदामात ॲनालॉग फोन राहतात, ते गेटवे नावाच्या डब्यामार्गे इंटरनेटला जोडले जातात, आणि झटका तिथेही येतो. झटक्याने गेलेला गेटवे वॉरंटीत बसतो का, हे कंपनीला आधी विचारा.

फायबर. आपल्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबी पहिल्यांदा फायबरच तोडतो. दोन इंटरनेट लाइनी घेतल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर दोन्ही एकदमच जातात. ट्रायलमध्ये चालू कॉलच्या मध्येच केबल उपसा. पुढचा कॉल मालकाच्या मोबाइलवर वळतो का, किती वेळात वळतो, केबल परत लावल्यावर फोन आपोआप उठतात का, हे घड्याळ लावून बघा.

आणि दवाखान्यात ११२ हा नंबर आधी शून्य न दाबता लागलाच पाहिजे, इंटरनेट गेलं तरी. त्यासाठी एक साधी लाइन किंवा मोबाइल तिथे राहू द्यायचा.

हिशोबनीस_बीड

करारावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्यवसायाने कर सल्लागार आहे.

आधी ठरवा की तुम्ही कमिशन एजंट होणार की स्वतः विकत घेऊन पुढे विकणार. एजंट असाल तर कंपनी थेट गिऱ्हाइकाला बिल करते आणि तुम्हाला कमिशन देते. त्यावर टीडीएस कापला जातो, जो ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झालाय. तुमच्या कमिशनच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावायचा. दुसऱ्या पद्धतीत बिल तुमचं, वसुली तुमची आणि बुडीतही तुमचं. गिऱ्हाइकाने महिना थकवला तरी कंपनीला वेळेवर द्यावंच लागतं. आपल्याकडे सुगीवर पैसे देणारी गिऱ्हाइकं बरीच, त्यामुळे सुरुवात एजंट म्हणून करणं मला शहाणपणाचं वाटतं.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. सॉफ्टवेअर आणि यंत्रं विकायला टेलिकॉमचा परवाना लागत नाही. पण स्वतःच्या नावावर मिनिटं किंवा नंबर घेऊन पुढे विकायला लागलात तर ती टेलिकॉम सेवा होते आणि तिला परवाना लागतो. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये विनापरवाना सेवेसाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कुणी सांगितलं की "गिऱ्हाइकाकडे सिम टाकायचा गेटवे बसवा, परदेशातले इंटरनेट कॉल त्यातून सोडू, जादा कमिशन देऊ," तर त्याला दाराबाहेर काढा. ते बेकायदा एक्स्चेंज आहे, आणि पोलीस आले की गेटवे बसवणारा पहिला सापडतो. मशीन विकणार असाल तर पीबीएक्सला सरकारच्या टीईसीचं एमटीसीटीई (उपकरण तपासल्याचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याची प्रत मागून घ्या.

आता करारातली कलमं. टार्गेट चुकलं तर डिपॉझिट जप्त होतं का? तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकाला कंपनी पुढे थेट विकू शकते का, आणि विकलं तर तुमचं रिन्यूअल कमिशन चालू राहतं का? करार संपल्यावर ते कमिशन किती काळ मिळतं? बहुतेक मसुद्यांत इथेच गप्प बसलेले असतात, आणि तुमची खरी कमाई तर रिन्यूअलमध्ये आहे. दर वाढवायच्या आधी किती दिवसांची नोटीस? वाद झाला तर कोर्ट कुठलं? गुरुग्राम किंवा बंगळुरू लिहिलेलं असेल तर थोड्या रकमेसाठी तुम्ही तिथे जाणार नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

"९९.९ टक्के अपटाइम" या शब्दांचाही हिशोब करा. महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहिलं तरी ते शब्द पाळले गेले असं होतं. ९९ टक्के लिहिलं असेल तर महिन्याला ७ तासांहून जास्त. आणि भरपाई म्हणून काय मिळतं? बहुधा त्या महिन्याच्या बिलात थोडी सूट. गिऱ्हाइकाचं नुकसान कुणी भरून देत नाही, म्हणून तुम्हीही गिऱ्हाइकाला त्याहून मोठं आश्वासन देऊ नका.

जालनेकर_नेटवर्क

सगळ्यांचे मनापासून आभार. बसून एक हिशोब केला. समजा गिऱ्हाइकाकडे २० एक्स्टेंशन, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे महिन्याला १०,०००. माझे २,०००. त्यात घनसावंगी-परतूरकडे दोन चकरा झाल्या, पोराचा दिवस गेला, पेट्रोल गेलं, की हातात फार उरत नाही. म्हणजे बसवून देण्याचे आणि वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे घ्यावेच लागतील. कमिशनच्या भरवशावर सेवा देता येणार नाही, हे आता स्पष्ट झालं.

नांदेडकर

बरोबर. एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, तुमच्या नावाने, तुमच्या बिलावर घ्या. कंपनी बदलली तरी एएमसी तुमचीच राहते.

परभणी_ते_पुणे

आणि रात्री नऊनंतर त्यांच्या सपोर्टला एकदा फोन करा, विक्रीच्या माणसाला न सांगता. कोण उचलतं, मराठीत नाही तर निदान हिंदीत नीट बोलतं का, तिकीट नंबर देतं का. मोंढ्यातला आडत्या इंग्रजी ईमेल लिहिणार नाही, तो तुम्हालाच फोन करणार, आणि तुम्ही तो पुढे द्यायचा कुणाला?

जालनेकर_नेटवर्क

कंपनीशी बोलणं झालं, म्हणून परत लिहितोय.

नंबर त्यांच्याच नावावर असतात हे कबूल केलं. गिऱ्हाइकाची स्वतःची ट्रंक जोडायला आधी का-कू केलं, मग तांत्रिक प्रमुखाने होकार दिला. ईमेलवर लिहून घेतलंय. सर्व्हर मुंबईत आहे. ट्रायल दुकानात चालू आहे. इनकमिंग न येण्याचा प्रकार अगदी ताईंनी सांगितला तसाच घडला. दिवसाच्या सपोर्टने लगेच ओळखून सेटिंग बदललं. रात्रीच्या माणसाने मात्र फक्त तक्रार लिहून घेतली, पुढे सकाळपर्यंत काही झालं नाही. केबल उपसल्यावर कॉल मोबाइलवर वळले.

डिपॉझिट आणि टार्गेटला मी नकार दिला. पहिलं वर्ष कमिशन एजंट म्हणून, बिनटार्गेट, असं सुचवलंय. करार संपल्यावरही २ वर्षं रिन्यूअल कमिशन आणि कोर्ट जालना, या दोन गोष्टींवर ते अडलेत. सोडून गेलेल्या दोन डीलरांपैकी एकाशी बोललो. त्याची तक्रार कमिशन उशिरा येण्याची होती, सेवेबद्दल नव्हती.

सुरुवात एका आडत्याच्या पेढीपासून आणि एका मिलच्या ऑफिसपासून करेन. दोघांनाही ट्रंक त्यांच्या नावावर घ्यायला लावतो. बियाण्यांच्या कंपनीला खरीप उरकेपर्यंत हात लावणार नाही, आणि दवाखान्यांना रात्रीचा सपोर्ट सुधारल्याशिवाय नाही.

वाळूजकर

योग्य केलंत. कोर्टाच्या कलमावर अडू नका, ते क्वचित मानतात. रिन्यूअलचं मात्र सोडू नका, २ नाही तर १ वर्ष तरी लेखी घ्या. मिलमध्ये भट्टी आणि मोठ्या मोटरांजवळून फोनची केबल नेऊ नका. तिथे शिल्डेड केबल टाका आणि स्विच ऑफिसच्या बाजूला ठेवा.

हिशोबनीस_बीड

अंतिम मसुदा आला की सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. कमिशन उशिरा येतं म्हणताय, तर तुमची उद्यम नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर टाका. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या बिलाला कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, पुढे व्याज लागतं.

जालनेकर_नेटवर्क

नोंदणी आहे, बिलावर क्रमांक टाकत नव्हतो. आजपासून टाकतो. मसुदा आला की कमिशनचं कलम इथे टाकेन, नजर घाला.